झाकण

शुक्रवारी सकाळची बांदा–म्हापसा गाडी.
कंडक्टर हल्ली कुठे जायचं ते विचारत नाही,
तिकीट फाडता फाडता एवढंच म्हणतो, "मिळालं?"
मी मान हलवते. तो सुटे परत देतो.

अकरा वर्षं मी एक झाकण शोधतेय.
चिनी मातीचं, तळहातात मावेल एवढं,
पांढऱ्यावर निळी वेल, काठाला सोनेरी रेघ.
झाकण मी पाहिलेलं नाही,
पण साखरेच्या भांड्यावरची वेल काठाशी येऊन
अर्ध्या पानावर थांबते,
म्हणजे उरलेलं पान कुठेतरी असणारच.
भांडं इथेच घेतलं होतं, साठ रुपयांना.
तेव्हापासून त्यावर स्टीलची वाटी पालथी असते.
मुंग्यांना फरक पडत नाही. मला पडतो.

चोरीसाच्या लाल माळा, मयड्याची केळी,
खाऱ्या बांगड्याचा वास मागे टाकून
मडक्यांच्या रांगेच्या टोकाला गेलं
की भाजी संपते आणि लोकांची घरं सुरू होतात,
ताडपत्रीवर उलटी केलेली.
शिंपल्यांची तावदानं, मागे खिडकी नसलेली.
कुवेतहून आलेला थर्मास.
घराच्या नंबराची पत्र्याची पाटी: ११८.
आशीर्वाद देणारा एक लाकडी हात, कोपरापाशी तुटलेला;
संत कुठे गेला हे त्याला ठाऊक नाही,
तो आपला देतोच आहे,
समोरच्या कांदेवालीला, मला, कुत्र्याला.
कुणा गेलेल्या माणसाचा चष्मा मी डोळ्यांवर चढवला
आणि सगळा बाजार एकदम स्वच्छ दिसला.
त्यालाही लांबचं दिसत नसावं.

तेवढ्यात दिसलं.
बिस्किटांच्या जुन्या डब्यात, कापसावर,
अर्धं पान.

या बाजारानं मला शिकवलंय:
हवी ती वस्तू कधी आधी उचलायची नाही.
मी तांब्याचा नळ उचलला. त्याचा भाव केला. नाक मुरडलं.
मग सहज विचारावं तसं, "आणि हे? नुसतं झाकणच?"
"हें विकपाक ना," मार्सेलीनबाब म्हणाले.
दोनशे म्हटलं. पाचशे म्हटलं.
हजार म्हणताना माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.
बहीण लिस्बनला गेली, त्या घाईत घर रिकामं केलं,
कुणी टेबल नेलं, कुणी खाट,
भांडं कुणाच्या पिशवीतून गेलं देव जाणे.
झाकण यांच्या खिशात राहिलं.
चहा झाला की ते उचलून पळायची
आणि मागून तिची हाक यायची,
साठ वर्षांपूर्वीची ती खोड
त्या दिवशीही हातानं केली.
"विकायला नव्हे, दाखवायला मांडतो.
कुणीतरी ओळखेल म्हणून."
मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले,
"नुसत्या झाकणाला हजार?
बाय, तुजे कडेन भांडें आसा?"

"नाही," मी म्हणाले.
इतक्या पटकन, की ते खोटं आहे हे
मलाच जरा उशिरा कळलं.
गरज दिसली की भाव चढतो, एवढंच डोक्यात.
पण भाव करायला समोर कुणी नव्हतंच.
नळ मात्र घेतला. ऐंशी रुपये.
त्याला लावायला माझ्याकडे भिंत नाही.

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर. "मिळालं?"
मी मान हलवली.
कशी हलवली, आठवत नाही.
तो म्हणाला, "अरे वा."

आज गुरुवार.
साखर डब्यात ओतली आहे.
भांडं धुऊन ओट्यावर पालथं घातलंय,
वाटी शेजारी.
दोन मुंग्या काठावर फिरतायत, जिथे वेल तुटते तिथे,
पुढे जातात, मागे येतात.
पिशवी अजून खुंटीलाच आहे.